कॉलरवरची बाई

सोमवारी सकाळी नवऱ्याचा निळा शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी लाँड्रीबाईंनी सवयीनं कॉलर उलटी केली, आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

कॉलरच्या आतल्या बाजूला, बरोबर हनुवटीखाली येईल अशा जागी, एक पुसट तपकिरी डाग होता. चहाचा नव्हता, चहाच्या डागाला कडेनं गडद रेघ येते. घामाचा नव्हता, घाम पिवळा पडतो आणि मानेच्या मागं बसतो. गंजाचा तर नव्हताच. वर्षानुवर्षं अख्ख्या वस्तीचे कपडे धुऊन बाईंची डागांशी चांगली घसट झाली होती. त्यांनी बोटानं जरा चोळलं. डाग मऊ पिठासारखा पसरला. त्यांनी कॉलर नाकाशी नेली, दारातल्या उजेडात धरली, 'लगेच येते'ची पाटी काचेवर लटकवली आणि थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, ह्यांच्या कॉलरवर मेकअप आहे."

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, "धुऊ नकोस. मी निघाले."

ताई कस्टम खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. सगळं आयुष्य लोकांच्या बॅगा उघडण्यात गेलेलं. 'यात नुसते कपडे आहेत' असं कुणी म्हटलं, की त्यांना आधी त्या माणसाची दया यायची आणि मग संशय. निवृत्त झाल्यापासून उघडायला बॅगा राहिल्या नव्हत्या, आणि त्या अगदी सुकत चालल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्या तरातरा लाँड्रीत शिरल्या. शर्ट इस्त्रीच्या टेबलावर पसरून त्यांनी वरचा दिवा खाली ओढला.

"चमक आहे का?"

"नाही. अगदी मॅट आहे."

"म्हणजे पोरसवदा नाही. चमकीचं वय उलटलंय." ताईंनी वाकून वास घेतला. "अत्तर नाही. सावध आहे बया."

"आणि डाग दोन्ही बाजूंना आहे, ताई. डावीकडे जेवढा, तेवढाच उजवीकडे."

"शिस्तीची आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नकळत थोडा आदर आला. "उंची?"

बाईंनी शर्ट नवऱ्याच्या उंचीवर टांगून त्याला गाल लावून पाहिला. त्या नवऱ्याच्या खांद्याला लागायच्या. त्यांचा गाल शर्टाच्या दुसऱ्या बटनाशी आला. कॉलरच्या आत गाल लागायचा म्हणजे ती बाई भलतीच उंच हवी.

"ह्यांच्याएवढी असणार," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"रंग?"

हे सगळ्यात अवघड होतं. बाईंनी डागाशेजारी स्वतःचं मनगट धरलं. जुळेना. ताईंचं धरलं, तेही जुळेना. मग भिंतीवर नवरा-बायकोचा एक जुना फोटो होता, तो काढून आणला. शर्टावरची पावडर नवऱ्याच्या रंगाहून फक्त एक छटा गडद होती.

"ह्यांच्यासारखाच रंग, ह्यांच्यासारखीच उंची," ताई सावकाश म्हणाल्या. "नात्यातली तर नसेल?"

दोघींनी मग नवऱ्याच्या माहेरच्या, म्हणजे त्याच्या बाजूच्या सगळ्या बायका मोजून पाहिल्या. एक आत्या उंच होती, पण ती गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नसे. एक चुलतबहीण रंगानं बसत होती, पण ती परदेशी. शेवटी हा धागा सोडून द्यावा लागला.

लाँड्रीबाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात होते. डोळे तपासायचे, काचा बसवायच्या, फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून दोन पावलं मागं सरायचं आणि "छान दिसतंय" म्हणायचं, हे त्यांचं काम. वस्तीत सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस सरळ. आयुष्यात एकदाच खोटं बोललेला, आणि तेही बाईंच्या आईनं केलेल्या जेवणाबद्दल. पण ताईंना आता त्या सरळपणाचीच शंका येऊ लागली.

"विचार कर," ताई म्हणाल्या. "दिवसभर बायकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं, आणि वर त्याचा पगार घ्यायचा. असा दुसरा धंदा सांग मला."

त्या दिवसापासून बाई नवऱ्यावर नजर ठेवू लागल्या, आणि नजर ठेवल्याबरोबर दिसायला लागलं. लाँड्रीच्या मागंच त्यांचं घर होतं. चष्मेवाले सकाळी न्हाणीघरात शिरले की बाहेर यायला तयार नसत. आतून काही आपटल्याचे बारीक टक्-टक् आवाज येत. बाहेर आले की थेट खिडकीशी जात, बाईंकडे पाठ करून उभे राहत आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवत. असं तर ते आधी कधी करत नव्हते. की करत होते? बाईंना आठवेना.

बुधवारी बाई चहाचे कप घेऊन नवऱ्याच्या मागं आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. चष्मेवाल्यांच्या हातात एक छोटा आरसा होता. त्यावरून परतलेला उन्हाचा चकचकीत कवडसा समोरच्या इमारतीच्या भिंतीवर नाचत होता. खिडकीवरून गॅलरीत, गॅलरीतून परत खिडकीवर.

"आरशानं खुणा करतात, ताई!" बाईंनी फोनवर जवळजवळ रडतच सांगितलं. "समोर. दुसऱ्या मजल्यावर. ती व्हायोलिन शिकवते ती."

"उंच आहे?"

"चांगली ताडमाड आहे गं!"

ताईंनी सबुरीनं घ्यायला सांगितलं, पण बाईंच्यानं राहवलं नाही. दुपारी त्या एक उशीचा अभ्रा घेऊन समोरच्या जिन्यानं वर गेल्या. हा तुमचा आमच्याकडे आला का, एवढंच विचारायचं, आणि चेहरा नीट बघून घ्यायचा.

व्हायोलिनवालीनं दार उघडलं. चेहरा धुतल्या भांड्यासारखा लख्ख होता, गोरापान, पावडरीचा कण नाही. त्या तपकिरीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. बाई सुटकेचा श्वास घेणार, तोच ती म्हणाली, "बरं झालं आलात. मी येणारच होते. तुमचे मिस्टर रोज सकाळी माझ्या डोळ्यांवर उजेड मारतात. काय प्रकार आहे हा? मी आधी दुर्लक्ष केलं. पण आता मलाच संशय यायला लागलाय."

"तुम्हाला कसला संशय?" बाईंनी एकदम फणकाऱ्यानं विचारलं.

"तेच तर कळत नाही ना! बघतात आरशात, आणि उजेड माझ्याकडे. त्यांना सांगा, मी कुमारिका आहे, आंधळी नाही."

बाई अभ्रा घेऊन परत आल्या. व्हायोलिनवाली सुटली होती, पण प्रकरण सुटलं नव्हतं. त्यात शनिवारी रात्री जेवताना चष्मेवाले सहज म्हणाले, "उद्या मला दुकानात जायचंय."

"रविवारी?"

"मालक म्हणाले, या म्हणून. मी हल्ली फार ताजातवाना दिसतो म्हणे. तरण्या माणसांनासुद्धा सुट्टी लागते, काका, तुम्हाला नाही, असं म्हणाले." ते बोलताना भाजीकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर अभिमान आणि वैताग सारखाच पसरला होता.

बाईंना त्यातला एकच शब्द ऐकू आला. ताजातवाना. माणूस या वयात उगीच कसा ताजातवाना होतो?

"आता मला आत शिरावं लागणार," ताई सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या. सोमवारी त्या डोळे तपासून घ्यायला चष्म्याच्या दुकानात हजर झाल्या. दुकानात जिकडेतिकडे आरसे होते. एका आरशात दुसऱ्या गिऱ्हाइकाची पाठ, तिसऱ्यात आपलंच नाक. नजर ठेवायला याहून चांगली जागा ताईंनी विमानतळावरही पाहिली नव्हती.

"डावा डोळा झाका, ताई. खालून दुसरी ओळ वाचा."

ताईंनी ओळ वाचायच्या निमित्तानं मान पुढं काढली आणि भाऊजींची कॉलर बघायचा प्रयत्न केला. कॉलर धूसर दिसली. अक्षरं तर दिसलीच नाहीत.

"ही तुम्हाला दिसत नाही?" चष्मेवाल्यांनी काळजीनं विचारलं. "वरची?"

"भाऊजी, तुम्ही जवळ या. म्हणजे तक्ता जवळ आणा."

तेवढ्यात चष्मेवाल्यांचा फोन वाजला. ते जरा बाजूला वळले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. पण ताईंचे डोळे अधू असले तरी कान शाबूत होते. त्या बाहेर पडल्या त्या तडक लाँड्रीत आल्या आणि इस्त्रीच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"गुरुवारी सहाला जाणार आहेत. बाईमाणसाचा आवाज होता. आणि ऐक, काय म्हणाले ते. म्हणाले, 'हो हो, दाढी करूनच येतो. मागच्या वेळी खुंट टोचले आणि सगळा बेरंग झाला.'"

बाईंच्या हातातली इस्त्री कुणाच्या तरी पँटवर तशीच राहिली. जळका वास आल्यावर दोघी भानावर आल्या.

"संध्याकाळी सहाला पुरुष कुणासाठी दाढी करतो?" ताईंनी विचारलं. "माझ्यासाठी तर कुणी सकाळीसुद्धा केली नाही."

गुरुवारी ताई नवा चष्मा लावून आल्या. भाऊजींनीच बसवून दिलेला. तो लावल्यापासून त्यांना जग इतकं स्पष्ट दिसू लागलं होतं, की प्रत्येक माणूस संशयित वाटत होता. बाईंनी दुकान लवकर बंद केलं. दोघी चष्म्याच्या दुकानासमोरच्या बेकरीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. चष्मेवाले दुकानातून बाहेर पडले. गाल गुळगुळीत, हातात कापडी पिशवी. त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस रस्ता ओलांडतानाही कधी मागं वळून बघत नव्हता.

ते चपलांच्या दुकानावरच्या एका जिन्यानं वर गेले. दोघी मागोमाग, पाय न वाजवता. वरच्या दाराला पाटी नव्हती. ताईंनी नवा चष्मा सावरून दाराला कान लावला. बाईंनी ताईंच्या खांद्याला.

आतून एक बाई बोलत होती, मधाळ, ठाम आवाजात. "घाई करू नका. हलक्या हातानं. कानापासून सुरू करायचं, आणि गालाच्या मध्यावर थांबायचं. ओठांपर्यंत जायचंच नाही."

"असं?" हा चष्मेवाल्यांचा आवाज.

"असं. आता जबड्याच्या कडेनं खाली या. मानेवर उतरा. बघा, किती मऊ होत चाललंय."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"जास्त झालं का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"जरासं. पण चोळून जाईल. मागच्या वेळी घरी काही कळलं नाही ना?"

"अजिबात नाही. शंकासुद्धा आली नाही."

यापुढं मात्र बाईंना ऐकवेना. त्यांनी ताईंना बाजूला सारलं आणि दार धाडकन ढकललं. दाराला कडी नव्हतीच. दोघी एकदम आत येऊन पडल्या.

खिडकीशी एका उंच खुर्चीवर चष्मेवाले बसले होते. केस मागं घ्यायला डोक्याला बायकी गुलाबी पट्टा. गळ्याभोवती टॉवेल. हातात मोठा केसाळ ब्रश. शेजारी पांढरा एप्रन घातलेली, ठेंगणी, पंचावन्नच्या पुढची एक ब्युटीशियन हातात ओला स्पंज घेऊन उभी होती. ती चष्मेवाल्यांच्या खांद्यालाही पुरली नसती.

पण बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याचा चेहरा बघत होत्या. उजवी बाजू नेहमीची होती: ओघळलेला गाल, जबडा आणि मान एकमेकांत मिसळलेली, डोळ्याखाली सावली. डावी बाजू मात्र कुठल्याशा सुट्टीवरून आल्यासारखी वाटत होती. गाल वर उचललेला, जबड्याला आकार, हनुवटीखालची वळकटी कुठं गेली कळत नव्हतं. रंग दिसत नव्हता, रेघ दिसत नव्हती. नुसता झोप पुरी झालेला माणूस दिसत होता.

"ती कुठं आहे?" ताईंनी पडद्यामागं बघत विचारलं.

"कोण ती?"

"उंच. सावळी. शिस्तीची."

चष्मेवाल्यांनी आपल्या हातातला ब्रश बघितला, टॉवेल बघितला, आणि लाजून मान खाली घातली. "ताई, मीच," ते म्हणाले.

खाली चपलांच्या दुकानात कुणीतरी खिळा ठोकत होतं.

"अहो, पण का?" बाई शेवटी म्हणाल्या.

मग चष्मेवाल्यांनी सांगितलं. गिऱ्हाईक वीतभर अंतरावर बसतं. त्याला भिंगामागं दुसरं काही नाही, नुसता त्यांचा चेहरा दिसतो. आणि गेल्या वर्षभरात जो तो बसल्याबरोबर विचारायचा, बरं वाटत नाही का? "दिवसभर मी ठणठणीत आहे, ठणठणीत आहे, असं सांगत राहायचं. संध्याकाळपर्यंत मलाच शंका यायची. मग मालक म्हणाले, काका, तुम्ही आता मागच्या खोलीत बसा, काचा घासा. पुढं जरा टवटवीत चेहरा ठेवू." ते थांबले. "मागच्या खोलीत खिडकी नाही गं. माणसंच नाहीत. आणि मला माणसांच्या नाकावर चष्मा ठेवायला आवडतं. समोरचा तक्ता अचानक दिसायला लागला की लोक हसतात, ते मला बघायचं असतं."

"मग मला सांगायचं होतंत!"

"काय सांगणार? पुरुषमाणूस, तोंडाला पावडर लावतो? तू हसली असतीस."

"हसले असते," बाईंनी कबूल केलं. "पण मला सांगायचं होतं."

ब्युटीशियननं स्पंज खाली ठेवला. तिला या भांडणात फक्त तिच्या विद्येचं कौतुक दिसत होतं. "एक मिनिट, मॅडम. तीन महिने हे लावतायत, मानेवर तर आत्ता आत्ता उतरले. तुम्हाला चेहऱ्यावर कधी दिसलं?"

"नाही. कॉलरवर दिसलं."

"पण चेहऱ्यावर नाही?"

"नाही."

"अहो, मग जमलं की!" ब्युटीशियननं चष्मेवाल्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "मी काय सांगितलं होतं पहिल्या दिवशी? कड दिसली की मेकअप, कड नाही दिसली की चेहरा! घरच्या बायकोला दिसलं नाही म्हणजे दुनियेत कुणाला दिसणार नाही. तुमचं शिक्षण संपलं. उद्यापासून यायची गरज नाही."

चष्मेवाले हसले. पण हसू डाव्या गालावर जितकं उमटलं तितकं उजव्यावर आलं नाही. "हो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तीनदा पुसून परत लावलं. हिच्यासमोर चहाला बसलो. म्हटलं, आता विचारेल, आता विचारेल. ही म्हणाली, दूध संपत आलंय." त्यांनी ब्रश पिशवीत ठेवला. "मग सोपं गेलं. रोज खिडकीच्या उजेडात कड तपासायचो आणि हिच्यासमोर बसायचो. कधी काही झालं नाही."

बाईंना वाटलं होतं, त्या इथं जाब विचारायला आल्यात. आता नेमकं काय विचारायचं ते त्यांना आठवेना. शर्टाच्या कॉलरला त्यांनी नाक लावलं होतं, दिव्याखाली धरलं होतं, मनगटाशी जुळवून पाहिलं होतं. त्या कॉलरच्या वर एक तोंड होतं, तिकडे मात्र तीन महिने लक्षच गेलं नव्हतं. रंग जुळवायलासुद्धा त्या भिंतीवरचा जुना फोटो काढून आणला होता.

"उजवी बाजू राहिली आहे," त्या एवढंच म्हणाल्या. "पुरी करून घ्या. मी थांबते."

ताई मात्र जायला निघाल्या. त्या हिरमुसल्या होत्या. बॅग उघडावी आणि आत खरंच नुसते कपडे निघावेत, तसं त्यांचं झालं होतं. "दोन्ही बाजूंना सारखा डाग," त्या जिना उतरताना पुटपुटत होत्या. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. कुठल्या बाईला एवढा वेळ असतो?"

रात्री घरी चष्मेवाल्यांनी मालकांना फोन करून रविवारी जमणार नाही म्हणून सांगितलं. मालक थोडे कुरकुरले, पण मागच्या खोलीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले न्हाणीघरातून बाहेर आले आणि चहाला बसले. बाई समोर बसल्या, आणि त्यांनी बघायला सुरुवात केली. कड शोधायचीच असं त्यांनी ठरवलं होतं. कानाजवळ पाहिलं, जबड्याखाली पाहिलं, नाकाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सापडेना. पण कड शोधता शोधता त्यांना एकेक दुसरंच दिसू लागलं. भुवईतला एक पांढरा केस. चहा गिळताना गळ्याची होणारी हालचाल. वाफेनं चष्मा धुरकटल्यावर तो काढायच्या आधी क्षणभर आंधळ्यासारखं थांबायची त्यांची पद्धत. चहा निवला तरी त्या बघतच राहिल्या, आणि हसल्या.

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काही नाही."

"जास्त लागलंय का कुठं?"

"नाही हो. छान दिसतंय."

"मग? काही हवंय का तुला?"

"काही नको. बघतेय." त्यांनी उठून त्यांची कॉलर नीट केली, आणि गाणं गुणगुणत लाँड्रीत गेल्या.

चष्मेवाल्यांचं त्या दिवशी कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचाच चष्मा घातला, आणि 'छान दिसतंय' म्हणाले. आरशात स्वतःला दोनदा निरखलं. चेहऱ्यात काही गडबड नव्हती. म्हणजे गडबड घरीच होती. बायको, लग्नाला एवढी वर्षं झालेली, सकाळच्या घाईत चहा सोडून आपल्याकडे बघत बसते. वर काही मागत नाही. वर गाणं म्हणते. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या बहिणीचं हल्ली काही वेगळं चाललंय का? म्हणजे, बाहेर? तुम्हाला काही बोलली?"

पलीकडे खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. आज सकाळपासून ताई पहिल्यांदाच जिवंत वाटत होत्या.

"सुरुवातीपासून सांगा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश. हसली, ती दात दाखवून, की नुसतीच?"